कलेतील प्रेक्षकाचे स्थान आणि तत्त्वज्ञानाचे सहवाचन : खान्देशातील वैचारिक परंपरेच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

कलाविचारात कलावंत आणि कलाकृती यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने प्रेक्षकाचा विचार अल्प झाला असून, जो झाला तोही बहुधा एकट्या प्रेक्षकाला गृहीत धरून झाला आहे. प्रस्तुत लेखात भरताचे नाट्यशास्त्र, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा रसविषयक निबंध, साने गुरुजींनी मराठीत आणलेला टॉल्स्टॉयचा कलाविचार आणि शरद् पाटील यांचे अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र यांच्या आधारे प्रेक्षकाच्या भूमिकेचे विवेचन केले आहे. भट्टाचार्य आणि साने गुरुजी यांचा अमळनेरशी, तर शरद् पाटील यांचा धुळ्याशी निकटचा संबंध होता. हे ग्रंथ एकट्याने वाचण्यापेक्षा समूहाने वाचले असता प्रेक्षकत्वाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, कारण सहवाचन हा स्वतःच प्रेक्षकत्वाचा एक अभ्यास आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रेक्षक, सहृदय, साधारणीकरण, सहानुभूती, नेणीव, सहवाचन.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात रससिद्धान्त हा विषय मराठी, संस्कृत, हिंदी आणि तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांत शिकविला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा रसांची नावे, त्यांचे स्थायीभाव आणि चार भाष्यकारांची मते एवढ्यापुरता मर्यादित राहतो. विद्यार्थी ही मते पाठ करतात, परीक्षेत लिहितात व विसरतात. या मतांमागे एक जिवंत प्रश्न आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. रंगमंचावर दुसऱ्याचे दुःख पाहताना पाहणाऱ्याचे नेमके काय होते? ते दुःख त्याचे स्वतःचे असते का? स्वतःचे नसेल तर त्याच्या डोळ्यांत पाणी का येते, आणि स्वतःचे असेल तर तो ते पाहण्यासाठी मुद्दाम का जातो?

या प्रश्नाचा विचार करण्यास जळगाव व धुळे हे जिल्हे अनुकूल आहेत. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाच्या अध्ययनाला वाहिलेली निवासी संस्था उभी राहावी, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. येथून १९२५ पासून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. पुढे १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या सहयोगाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' सुरू झाले. मराठी सौंदर्यविचाराला नवे वळण देणारे बा. सी. मर्ढेकर यांचा जन्मही याच परिसरात, फैजपूर येथे, १९०९ साली झाला. असे असूनही या भूमीतील कलाविचाराचे धागे एकत्र ठेवून वाचण्याचे प्रयत्न फारसे झालेले नाहीत.

भरताचा प्रेक्षक : व्यक्ती की परिषद?

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार आला आहे. भरताने सिद्धीचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार मानले आहेत. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, अंगावर उभे राहणारे रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे किंवा अंगठ्या नटाकडे फेकणे ही मानुषी सिद्धीची चिन्हे होत. प्रेक्षागृह पूर्ण भरलेले असूनही जेथे आवाज नाही, क्षोभ नाही, केवळ निःशब्द तन्मयता आहे, तेथे दैवी सिद्धी मानावी.

खान्देशातील रसिकाला यातील पहिला प्रकार अपरिचित नाही. तमाशाच्या फडावरील दौलतजादा, रात्रभर चालणाऱ्या वहीगायनाला श्रोत्यांकडून मिळणारी दाद ही मानुषी सिद्धीचीच रूपे होत. येथे प्रेक्षक हा प्रयोगाचा एक घटक असतो व त्याच्या प्रतिसादाप्रमाणे प्रयोग लांबतो, आटोपतो किंवा वळण घेतो. भरताने अशा प्रतिसादाला कमी लेखलेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. त्याने त्याची शास्त्रात नोंद केली.

याच अध्यायात आदर्श प्रेक्षकाची लक्षणे सांगितली आहेत. पात्र आनंदित झाले असता जो आनंदित होतो, शोकात असता शोक करतो, भयात असता भितो, तो खरा प्रेक्षक. परंतु हे सर्व गुण एकाच प्रेक्षकाच्या ठायी असणे शक्य नाही, हेही भरत मान्य करतो. जाणण्यासारखे अपार असते आणि सभेत सर्व प्रकारचे लोक एकत्र आलेले असतात. तरुणाला शृंगार रुचतो, विरक्ताला मोक्षाची कथा, वृद्धाला पुराणकथा. म्हणून वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देण्यासाठी भरताने प्राश्निक, म्हणजे परीक्षक, नेमले आहेत. त्यांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक यांचा समावेश होतो. प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रापुरता निर्णय द्यावयाचा आहे.

या यादीवरून एक निष्कर्ष निघतो. भरताच्या दृष्टीने पूर्ण प्रेक्षक ही एक व्यक्ती नसून ती एक परिषद आहे. पुढील काळात, विशेषतः अभिनवगुप्तानंतर, चर्चा एकट्या सहृदयाच्या अंतःकरणाकडे वळली आणि परिषदेचा हा विचार मागे पडला.

भाष्यकारांचा वाद

रसाच्या स्थानाविषयीचा वाद सुपरिचित असल्याने येथे त्याचा केवळ प्रस्तुत विषयापुरता निर्देश पुरेसा आहे. भट्ट लोल्लटाने रस मुख्यतः मूळ पात्राच्या ठायी मानला. श्रीशंकुकाने प्रेक्षक नटाच्या ठायी त्याचे अनुमान करतो असे मानले व त्यासाठी चित्रातील घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडा आहे' असे आपण म्हणतो. हे ज्ञान सत्य नाही, मिथ्या नाही, संशय नाही आणि केवळ सादृश्यही नाही. भट्टनायकाने साधारणीकरणाची संकल्पना मांडली. भाव हा 'माझा' किंवा 'परक्याचा' राहत नाही, तो सर्वसाधारण होतो. अभिनवगुप्ताने याच सूत्राचा विकास करून रस हा सहृदयाच्या वासनारूप संस्कारांची निर्विघ्न प्रतीती होय, असे प्रतिपादन केले.

लोल्लटापासून अभिनवगुप्तापर्यंतचा हा प्रवास म्हणजे रसाचे स्थान क्रमशः प्रेक्षकाकडे सरकत जाण्याचा प्रवास आहे. मात्र साधारणीकरण घडते म्हणजे काय घडते, ही प्रक्रिया या चर्चेत काहीशी अस्पष्ट राहते. तिच्या स्पष्टीकरणाचा एक महत्त्वाचा आधुनिक प्रयत्न कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी केला.

कृष्णचंद्र भट्टाचार्य : भावनेच्या तीन पायऱ्या

कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५-१९४९) हे १९३३ ते १९३५ या काळात अमळनेरच्या संस्थेचे संचालक होते. त्यापूर्वी १९३० मध्ये त्यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ याच संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला होता. त्यांचा रससंकल्पनेवरील निबंध त्यांच्या निधनानंतर, १९५६ मध्ये प्रकाशित झालेल्या 'स्टडीज इन फिलॉसॉफी' या संग्रहाच्या पहिल्या खंडात समाविष्ट आहे. निबंध लहान आहे, परंतु त्याची शैली अत्यंत घट्ट असल्याने एका वाचनात तो हाती लागत नाही.

त्यातील मुख्य उदाहरण घरगुती आहे. एक मूल खेळण्याशी खेळण्यात रमले आहे. त्याचा आजोबा कौतुकाने त्याच्याकडे पाहत आहे. आणि एक तिसरी व्यक्ती या आजोबाला पाहत आहे. येथे भावनेच्या तीन पायऱ्या दिसतात. मुलाचा आनंद थेट खेळण्याविषयी असतो. ही प्राथमिक भावना. आजोबाला खेळण्यात रस नाही, त्याला मुलाच्या आनंदाचा आनंद आहे, ही सहानुभूती. तिसऱ्या व्यक्तीला आजोबाच्या वात्सल्याचा आस्वाद मिळतो. ही सहानुभूतीविषयीची सहानुभूती. भट्टाचार्यांच्या मते कलास्वादाची भावना या तिसऱ्या पायरीवरची आहे.

या मांडणीचे दोन लाभ आहेत. पहिला असा की, तटस्थता आणि तन्मयता यांतील विरोध तीत मावळतो. तिसरी व्यक्ती खेळण्यापासून दूर आहे, मुलाच्या हट्टापासून दूर आहे, तरीही ती भावनाशून्य नाही. उलट सर्वांत निर्मळ भावना तिचीच आहे. दुसरा लाभ असा की, कलेतील दुःख सुखद का वाटते, याचे उत्तर मिळते. दुःखाच्या पायरीवर दुःख हे दुःखच असते, परंतु त्या दुःखाविषयीची करुणा पाहणे हा वेगळा अनुभव असतो.

प्रत्यक्ष नाटक पाहताना मधला आजोबा दिसत नाही, हा आक्षेप येथे संभवतो. भट्टाचार्यांनी त्याचा विचार केला आहे. त्यांच्या मते कलास्वादात ही मधली व्यक्ती कोणी विशिष्ट माणूस राहत नाही. तिच्या जागी विश्वहृदय असते, म्हणजे कोणाही माणसाचे असू शकेल असे हृदय. साधारणीकरण म्हणजे या मधल्या जागेचे सर्वांसाठी मोकळे होणे, असा याचा अर्थ लावता येतो.

साने गुरुजी आणि टॉल्स्टॉय : संसर्गाचा सिद्धान्त

साने गुरुजींनी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययन केले आणि १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केले. टॉल्स्टॉयच्या १८९८ च्या कलाविषयक ग्रंथाचा त्यांनी 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठी अनुवाद केला. टॉल्स्टॉयचा सिद्धान्त भट्टाचार्यांच्या मांडणीच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला आहे. कलावंताने अनुभवलेली भावना बाह्य चिन्हांच्या द्वारे दुसऱ्याला लागण व्हावी तशी पोहोचणे, ही त्याच्या मते कलेची कसोटी होय. कला चांगली की वाईट हे ठरते ते त्या भावना माणसामाणसांना जोडतात की तोडतात यावरून. जी कला केवळ सुशिक्षित व सुखवस्तू वर्गाला कळते, तिच्याविषयी टॉल्स्टॉय कठोर आहे.

साने गुरुजींना हा ग्रंथ जवळचा का वाटला असावा, हे त्यांच्या लेखनाकडे पाहिल्यास ध्यानात येते. 'श्यामची आई' वाचणारा वाचक तिसऱ्या पायरीवर उभा राहून वात्सल्याचे चिंतन करीत नाही. तो श्यामबरोबर रडतो. भरताच्या परिभाषेत हा मानुषी सिद्धीचा प्रत्यय आहे. भट्टाचार्यांचा प्रेक्षक दैवी सिद्धीचा, तर टॉल्स्टॉय व साने गुरुजींचा प्रेक्षक मानुषी सिद्धीचा, असे स्थूलमानाने म्हणता येईल. भरताने दोन्ही सिद्धी एकाच अध्यायात ठेवल्या होत्या, ही गोष्ट येथे पुन्हा आठवावी लागते.

शरद् पाटील यांचा आक्षेप

वरील दोन्ही मतांत प्रेक्षकाचे हृदय हे मूलतः एकच आहे असे गृहीत धरले आहे. या गृहीताला सर्वांत मूलगामी आव्हान धुळ्याहून मिळाले. मार्क्स, फुले व आंबेडकर यांच्या विचारांचा समन्वय साधू पाहणारे प्राच्यविद्यापंडित शरद् पाटील (१९२५-२०१४) यांनी १९८८ मध्ये 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मांडले. त्यांच्या विवेचनात जाणीव आणि नेणीव ही जोडी मध्यवर्ती आहे. जात, वर्ग आणि स्त्रीदास्य यांचे संस्कार केवळ विचारांत नसतात, ते नेणिवेत मुरलेले असतात, आणि कला नेणिवेवरही परिणाम करते. म्हणून जाणिवेने समतावादी असलेला वाचकही नेणिवेने विषमतेच्या सौंदर्यकल्पनेला दाद देऊ शकतो.

हा आक्षेप अभिनवगुप्ताच्या वासनासंकल्पनेशी ताडून पाहण्याजोगा आहे. रसास्वादासाठी पूर्वसंस्कार आवश्यक आहेत, हे दोघांनाही मान्य व्हावे. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने हे संस्कार सर्व माणसांत कमीअधिक प्रमाणात समान असतात. म्हणूनच साधारणीकरण शक्य होते. शरद् पाटील यांच्या भूमिकेवरून विचार केल्यास ते संस्कार समाजरचनेने घडविलेले असतात, आणि 'साधारण' या नावाखाली एका वर्गाची अभिरुची सर्वांची म्हणून पुढे येते. भट्टाचार्यांच्या उदाहरणालाही हा प्रश्न विचारता येतो. आजोबाला निवांतपणे पाहण्याची सवड कोणाला मिळते? त्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते दृश्य कोणत्या पायरीवरून दिसते?

या संदर्भात बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण बोलके आहे. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी लेवा गणबोलीत गाणी रचली. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकीने ओळ उचलली की दुसरी ती पुढे नेते. तेथे रचणारी, गाणारी आणि ऐकणारी अशी विभागणी नसते. १९५२ मध्ये या रचना ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांना प्रथमच असा वाचक मिळाला की ज्याचा हात जात्याच्या खुंट्यावर नव्हता. हा वाचक बहिणाबाईंच्या कवितेवर प्रेम करतो, यात शंका नाही. परंतु तो कष्टाचा आस्वाद घेतो की कष्टाविषयीच्या स्वतःच्या कौतुकाचा, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला पाहिजे. प्रेक्षकाची भूमिका केवळ सौंदर्यशास्त्राचा विषय नसून नीतीचाही विषय आहे, ते या अर्थाने.

सहवाचनाचे प्रयोजन

भट्टाचार्य, साने गुरुजी व शरद् पाटील या तिघांचे ग्रंथ एकट्याने वाचणारा वाचक बहुधा त्यांतील एकाची बाजू घेतो. समूहात वाचताना मात्र एक वेगळी गोष्ट घडते. शेजारी बसलेली व्यक्ती त्याच परिच्छेदावर निराळ्या ठिकाणी थांबते, हे दिसते. म्हणजे आपण ग्रंथ वाचत असतानाच दुसऱ्याचे वाचनही पाहत असतो. भट्टाचार्यांच्या उदाहरणातील तिसऱ्या व्यक्तीची जागा ती हीच. एकांतातील वाचनात मधली जागा कल्पनेने भरावी लागते, सहवाचनात तेथे प्रत्यक्ष माणूस असतो. त्याचबरोबर, त्या माणसाची जात, लिंग, वर्ग, बोली वेगळी असल्यास आपल्या नेणिवेतील गृहीते उघडी पडण्याची शक्यता निर्माण होते. स्वतःची नेणीव स्वतःला दिसत नाही. ती दाखविण्यास दुसरा लागतो.

सहवाचनाची परंपरा खान्देशात आहे. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात धुळ्याच्या कारागृहात दर रविवारी विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा एकाच्या बोलण्यातून आणि दुसऱ्याच्या ऐकण्यातून सिद्ध झाला. तेराव्या अध्यायातील उपद्रष्टा, अनुमंता, भर्ता, भोक्ता या संज्ञांचा विनोबांनी तेथे क्रमाने उलगडा केला. मूळ संदर्भ परमात्म्याचा असला, तरी या संज्ञांचा क्रम प्रेक्षकविचारालाही उपयुक्त आहे. जवळून पाहणे, पाहिलेल्याला संमती देणे, त्याचा भार उचलणे आणि मग त्याचा भोग घेणे. आस्वाद हा यात सर्वांत शेवटी येतो.

दुसरे उदाहरण अमळनेरचेच आहे. घ. रा. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी अद्वैतातील अज्ञानाच्या संकल्पनेवर 'अज्ञान' हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. तिघांनी एकाच प्रश्नावर आपापली भिन्न मते एका ग्रंथात मांडली. एकमत न होताही एकत्र विचार करता येतो, याचा तो पुरावा होय. भारतीय शास्त्रपरंपरेतील पूर्वपक्षाची शिस्तही हेच सांगते. ज्याचे खंडन करावयाचे, त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडले पाहिजे.

महाविद्यालयीन पातळीवर हे कसे घडावे, याचे एक उदाहरण घेता येईल. चाळीसगावचे छायाचित्रकार व चित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याचा मोठा काळ आपल्या बंगल्यातच व्यतीत केला. टेबलावर साध्या घरगुती वस्तूंची रचना करून विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास निर्माण करणारी त्यांची 'टेबल टॉप' छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. असे एक छायाचित्र समोर ठेवावे व त्याबरोबर श्रीशंकुकाचा चित्रतुरगाचा दृष्टान्त वाचावा. आरंभी सर्वजण फसतात. रचनेचे रहस्य कळल्यावर कोणाला आनंद वाढल्यासारखा वाटतो, तर कोणाला तो ओसरल्यासारखा. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक प्रकाशयोजनेविषयी बोलेल, मराठीचा प्रतिमेविषयी, अर्थशास्त्राचा कदाचित असे विचारील की असे घरात राहून कलासाधना करणे कोणाला परवडते. पुढच्या वक्त्याने बोलण्यापूर्वी मागच्या वक्त्याचे म्हणणे त्याला पटेल असे पुन्हा मांडावे, एवढा एकच नियम पुरेसा आहे. भरताची प्राश्निकांची परिषद आजच्या महाविद्यालयात भरवावयाची झाल्यास ती अध्यापक कक्षात भरू शकते. त्यासाठी अनुदानाची आवश्यकता नाही. आठवड्यातील एक तास आणि दहा-बारा पृष्ठे पुरेत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. समूहात ज्येष्ठाचा शब्द अंतिम ठरण्याचा धोका असतो. मूळ ग्रंथ इंग्रजीत किंवा संस्कृतात असल्यास भाषेवर प्रभुत्व असणाऱ्यांचे वर्चस्व निर्माण होते. परिच्छेद मराठीत समजावून घेणे, वाचनाचा आरंभ दर वेळी वेगळ्या व्यक्तीने करणे आणि विद्यार्थ्यांना केवळ श्रोते म्हणून न बसविणे, हे उपाय त्यावर करता येतील. अहिराणी वा लेवा गणबोली बोलणारा विद्यार्थी आपल्या गावातील वहीगायनाचा अनुभव जेव्हा मानुषी सिद्धीशी जोडून सांगतो, तेव्हा त्या चर्चेत तोच प्राश्निक असतो.

निष्कर्ष

१. भरताच्या विचारात प्रेक्षक ही भिन्न जाणकारांची परिषद आहे. पुढील काळात सहृदय व्यक्तीवर भर दिल्यामुळे हा पैलू दुर्लक्षित राहिला.

२. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्या तीन पायऱ्यांमुळे साधारणीकरणाची प्रक्रिया स्पष्ट होते, तर टॉल्स्टॉय व साने गुरुजी यांच्यामुळे थेट भावसंक्रमणाचे मोल ध्यानात येते. ही मते दैवी व मानुषी सिद्धी या भरताच्या विभागणीत परस्परपूरक ठरतात.

३. शरद् पाटील यांच्या नेणिवेच्या विचारामुळे 'विश्वहृदय' हे आयते उपलब्ध नसून ते प्रयत्नाने घडवावे लागते, हे स्पष्ट होते.

४. तत्त्वज्ञानाचे सहवाचन हा असा एक प्रयत्न आहे. त्यात वाचक ग्रंथाचा आणि सहवाचकाचा एकाच वेळी प्रेक्षक होतो.

अमळनेरला एका शतकापूर्वी जे घडले त्याचे केवळ स्मरण करणे पुरेसे नाही. तेथे तत्त्वज्ञान शिकविण्यापूर्वी ते एकत्र बसून वाचले जात असे. रससिद्धान्त शिकविणाऱ्या अध्यापकांनी तो प्रथम एकमेकांच्या सोबतीने वाचल्यास वर्गातील विद्यार्थ्यालाही रसांच्या यादीपलीकडचा प्रश्न ऐकू येईल.